सारंगाच्या आयेचा फोन

आमचे हे वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातून घरी आले की खिशातून, कॉलरमधून, अगदी बनियनमधूनसुद्धा कांद्याची सालं निघतात. मुद्दाम कोणी भरत नाही, आपोआप साठतात. आज झाडून काढा, उद्या तेवढीच! आमच्या बिल्डिंगीतल्या किश्श्यांचंही तसंच. मी काही गोळा करायला जात नाही. फक्त दार उघडं ठेवते.

लोक म्हणतात, मंगलवैनी नाक खुपसते. खुपसते! मग शेजार म्हणजे काय? दोन नेमप्लेटी समोरासमोर?

बिल्डिंग आमची सीवूड्सला, करावे गावाकडे जायच्या रस्त्यावर. चार मजले, सोळा घरं. त्यातली सात घरं मर्चंट नेव्हीवाल्यांची. रिक्षावाल्याला सोसायटीचं नाव सांगितलं तर तो पत्ता विचारतो. "शिपवाल्यांची बिल्डिंग" म्हटलं की गुपचूप मीटर टाकतो.

आता सांगते ते सगळं आमच्या समोरच्या दारातलं. मयेकरांचं.

* * *

आम्ही राहायला आलो त्या दिवशीची गोष्ट. मी सातारकडची. नवीन घरात गेलं की आधी शेजारी जाऊन साखर मागायची, साखर असली तरी! ओळख होते. समोरचं दार वाजवलं. शुभदा मयेकर बाहेर आली. गळ्यात मंगळसूत्र, मागे पलंगावर म्हातारी सासू, पण घरात पुरुषाची चप्पल नाही, दोरीवर शर्ट नाही. आता मला राहवणार आहे का?

"मिस्टर कामावर गेलेत वाटतं?"

"हो."

"किती वाजता येतात?"

शुभदा शांतपणे म्हणाली, "ऑगस्टमध्ये."

तेव्हा जानेवारी चालू होता!

* * *

नवरा तिचा दत्ता मयेकर, मालवणकडचा. मालवाहू जहाजावर सारंग. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. हे मला लगेच कळलं, कारण आमचे हेसुद्धा माथाडी टोळीचे मुकादमच. एकाची टोळी जमिनीवर, एकाची पाण्यावर.

मूलबाळ नाही. दत्ता वर्षातले नऊ महिने जहाजावर, तीन महिने घरी. शुभदा एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "वैनी, वीस वर्षं झाली लग्नाला. पण खरं धरलं तर आमचा संसार पाच वर्षांचाच."

मी म्हटलं, "मग अजून नव्या नवरीसारखी आहेस!"

हसली. पण मेथीची सगळी पानं कचऱ्यात आणि देठं ताटात टाकून बसली होती.

* * *

शिपवाल्यांच्या घरी सण कॅलेंडरप्रमाणे येत नाहीत. माणूस उतरला की सण. दत्ता एका वर्षी जूनमध्ये आला आणि दुसऱ्या दिवशी मयेकरांच्या गॅलरीत आकाशकंदील! चकल्यांचा वास जिनाभर. दत्ताने खाली जाऊन एक फटाक्यांची माळही लावली.

सेक्रेटरी गोडबोले साहेब, बँकेतून रिटायर झालेले, शिस्तीचे. बंडी घालून धावत आले. "मयेकर, हे काय? आज काय आहे?"

दत्ता म्हणाला, "पाडवो."

त्याच आठवड्यात भाऊबीजही झाली. मला भाऊ नाही हे त्याला शुभदाने सांगितलेलं. पाट मांडून बसला माझ्यासमोर, अंगात नवा शर्ट, घामाने भिजलेला. ओवाळलं मी त्याला. त्याने ताटात बिस्किटांचा परदेशी डबा ठेवला आणि म्हणाला, "मंगलवैनी, पुढची भाऊबीज कधी ते कंपनी ठरवील."

पुढच्या मीटिंगला गोडबोले साहेबांनी ठरावच मांडला. "नौकानयन क्षेत्रातील सभासदांस कोणताही सण कोणत्याही महिन्यात साजरा करण्याची मुभा असावी." एकमताने पास!

* * *

मला एकच गोष्ट दत्ताकडून काढून घ्यायची होती. एवढ्या मोठमोठ्या जहाजांतून हे नेतात तरी काय?

"कंटेनर," तो म्हणाला.

"ते कळलं रे. आत काय असतं?"

"माहीत नाही. सील असतं."

"वीस वर्षांत एकदाही पाहिलं नाहीस?"

"वैनी, पोस्टमन पत्र वाचतो काय?"

मला तर जेवण गेलं नसतं! मी तिथे असते तर एखाद्या डब्याच्या फटीला डोळा लावून समुद्रात पडले असते.

आमचे हे तिथेच बसले होते. ते म्हणाले, "आमचंबी तसंच की. पोतं पाठीवर असतं, तोंडापुढं कुठं येतंय?" दोघं एकमेकांकडे बघून असे हसले, जसे काही एकाच गावचे.

* * *

आता सत्काराचा किस्सा. एप्रिलमध्ये नाविकांचा दिवस असतो. गोडबोले साहेबांच्या मनात आलं, आपल्या बिल्डिंगीत सात-सात दर्यावर्दी, त्यांचा गौरव झाला पाहिजे. मांडव घातला. कुठल्याशा कॉलेजातले प्राध्यापक पाहुणे बोलावले. सात शाली, सात श्रीफळं, सात खुर्च्या.

आणि सातही जण जहाजावर!

शेवटी सात बायका बसवल्या. दुपारी चारचं ऊन, खांद्यावर गरम शाली, घामाने कुंकू नाकावर. पाहुणे रंगात आलेले. "आपल्या ताटातली तूरडाळ, फोडणीचं तेल, हातातला मोबाईल, हे सगळं कोणी आणलं? या माणसांनी! देशाचा व्यापार यांच्या खांद्यावर उभा आहे!"

टाळ्या झाल्या. गोडबोले साहेब म्हणाले, "सत्कारमूर्तींपैकी कोणी दोन शब्द बोलावेत."

सगळ्या एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. तेव्हा शुभदा उठली. शाल काढून नीट घडी घालून खुर्चीवर ठेवली आणि माईकमध्ये म्हणाली, "शाल नको, साहेब. रिलीव्हर पाठवा."

रिलीव्हर म्हणजे बदली माणूस. तो जहाजावर चढला की आपला उतरतो. तो नाही आला, तर आपला तिथेच.

पाहुण्यांना वाटलं, ती गंमत करतेय. हसले. त्या सात खुर्च्यांपैकी एकही हसली नाही.

दत्ताचा रिलीव्हर तेव्हा दोन महिने लेट झाला होता.

* * *

शुभदाच्या फोनमध्ये एक ॲप आहे. त्यात सगळ्या जगाचा समुद्र दिसतो आणि त्यावर जहाजांचे छोटे छोटे बाण. ती रोज सकाळी चहाआधी दत्ताचा बाण बघायची आणि सासूला सांगायची, "आये, आज हे कोलंबोला." आये, म्हणजे दत्ताची आई, ऐंशीच्या पुढची, पलंगावरून मान हलवायची. तिचं तेच पंचांग.

त्या पावसाळ्यात बाण थांबला. आखातात, एका परक्या बंदराच्या बाहेर.

मी म्हटलं, "ट्रॅफिक असेल. आमच्या ह्यांच्या मार्केटात माल आणणारा ट्रक नाही का गेटबाहेर सहा-सहा तास उभा असतो."

एक आठवडा झाला. तीन आठवडे झाले. शुभदा बोटाने बाण पुढे सरकवल्यासारखा करायची. नकाशा सरकायचा, बाण तिथेच.

मग एके दिवशी ती माझ्या किचनच्या ओट्याला टेकून उभी राहिली आणि सगळं सांगून मोकळी झाली. जहाजाचा मालक गायब. ऑफिसचा फोन बंद. डिझेल संपत आलेलं. बंदरवाले जहाज आत घेत नाहीत, माणसांना उतरू देत नाहीत. अकरा जण वर अडकलेत.

"कोणाला सांगितलंस?"

"कोणाला सांगणार? मालकच नाही, तर तक्रार कोणाची करायची?"

मी गॅस बंद केला. दूध उतू गेलं होतं आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत उभ्या होतो.

* * *

शुभदाने किती ऑफिसं पालथी घातली! गोडबोले साहेब बरोबर. पत्रं लिहायला त्यांचा हात बसलेला. आठ महिन्यांनी तिकडच्या कोर्टाने हुकूम काढला की माणसं घरी जाऊ शकतात. पण खटला संपेपर्यंत जहाज रिकामं सोडता येत नाही. एकाने राखणदार म्हणून सही करून मागे राहायचं.

दहा जण घरी आले.

अकरावा दत्ता. सही त्यानेच केली.

शुभदाने फोनवर विचारलं, "तुम्हीच का?" तर म्हणाला, "सारंग शेवटी उतरता."

ती मला सांगताना रडली नाही, चिडली होती. "दहा जणांची घरं दिसली त्यांना. आपलं घर दिसलं नाही!"

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "बरोबर केलं त्यानं. टोळी घरी गेल्याबिगर मुकादम जातो व्हय?"

त्या दिवशी मी ह्यांना चहा दिला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

* * *

मग दत्ताचं आयुष्य असं सुरू झालं: एवढं मोठं लोखंडाचं जहाज, त्यावर एक माणूस. इंजिन बंद, लाईट नाही, पंखा नाही. आठवड्यातून एकदा, रविवारी, किनाऱ्यावरून एक लाँच यायची, थोडे तांदूळ आणि पाणी द्यायची आणि त्याला चार तास बंदरात न्यायची. तिथे तो फोन चार्ज करायचा. आपल्याकडे अकरा वाजले की शुभदाचा फोन वाजायचा.

पहिलं वाक्य ठरलेलं. "आयेक फोन दी."

आयेला वाटायचं, परदेशचा फोन म्हणजे सेकंदासेकंदाला बिल पडतं. ती चारच वाक्यं बोलायची.

"जेवलंस?"

"जेवलंय."

"काय जेवलंस?"

"सुरमय."

"बरा. ठेव आता."

की ठेवलाच! मी दारात उभी राहून दर रविवारी ऐकायचे. आणि शुभदा मला डोळ्यांनी खुणवायची, कारण तिला ठाऊक होतं, तिकडे सुरमई नव्हती. काहीच नव्हतं. पण एका रविवारी सुरमई, एका रविवारी मटण, एका रविवारी वडे. म्हातारी खुश. "दत्तूक जहाजार बरा जेवण गावता," मला सांगायची. दत्तूला जहाजावर चांगलं जेवण मिळतं म्हणे.

* * *

आयेचा पलंग खिडकीशी. खाडीपलीकडे उलव्याच्या बाजूला नव्या विमानतळाचं काम. एक दिवस तिकडे विमान दिसायला लागलं. खाली यायचं, वर जायचं.

"मंगल, दत्तू ह्याच्यात असतलो काय गे?"

मी म्हटलं, "नाही आये. हे रिकामं फिरवतायत. ट्रायल आहे."

आये थोडा वेळ विमानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रिकामाच फिरवतत, तर माझ्या दत्तूक हाडूक धाडा म्हणा."

आणा म्हणे माझ्या दत्तूला, रिकामंच फिरवताय तर!

मी हसले. हसत हसत माझ्या घरी गेले आणि बाथरूमचा नळ सोडून बसले.

शेवटी शेवटी आये चिडायला लागली होती. शुभदासमोर नाही, माझ्यासमोर. "दुसऱ्याची घरां भरल्यान, आपला घर रिकामा ठेवल्यान," म्हणायची. एकदा तर म्हणाली, "इलो तरी माका तोंड दाखवू नको म्हणा."

थंडीत एका बुधवारी सकाळी ती गेली. मीच चमच्याने पाणी घालत होते.

* * *

दत्ताचा चुलतभाऊ मालवणहून आला, त्याने अग्नी दिला. स्मशानातून परत आलो तशी शुभदाने जिन्यातच माझा हात घट्ट धरला.

"वैनी, त्यांना सांगायचं नाही."

"अगं, पण..."

"एकटा माणूस आहे. चारी बाजूला पाणी आहे. मी फोनवर हे सांगितलं आणि त्यांनी फोन ठेवला, तर पुढे त्यांना धरायला तिथे कोण आहे?"

तिचं बरोबर होतं. दत्ता जिवंत परत यायला हवा, बाकी सगळं नंतर.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप! गोडबोले साहेबांनी सकाळीच आयेचा फोटो टाकून "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलेलं, त्याखाली सगळ्यांचे हात जोडलेले. आणि ग्रुपमध्ये दत्ता!

नशीब, त्याचा फोन रविवारपर्यंत बंद. पण रविवारची वाट कोण बघतो! मी तशीच, अंघोळ न करता, चारही मजले चढले-उतरले. प्रत्येक दार वाजवलं. "डिलीट करा! आत्ता, माझ्यासमोर!" कोणाला जमत नव्हतं, त्यांचे फोन मी घेतले. वरच्या मजल्यावरच्या काकांनी तर आधी विचारलं, "पण मग दुःख झालंय हे कळणार कसं?"

रविवारी अकरा वाजता फोन आला. आयेचं विचारलं. शुभदा म्हणाली, "झोपल्यात." मग दत्ताने दुसरा प्रश्न विचारला.

"ग्रुपार सत्तावीस मेसेज डिलीट कित्याक?"

शुभदा पांढरीफटक! फोन स्पीकरवर होता. मी दारातून ओरडले, "अरे, टाकीच्या पाण्यावरून भांडणं झाली! काय काय शिव्या दिल्यात एकमेकांना, तुला काय सांगू!"

दत्ता हसला. खूप महिन्यांनी हसला. "गोडबोल्यांनी पण दिली?"

"सगळ्यात घाण त्यांनी!"

* * *

पहिल्या रविवारी आये झोपलेली. दुसऱ्या रविवारी अंघोळीला. तिसऱ्या रविवारी शुभदा घाईत बोलून गेली, "देवळात गेल्यात."

दत्ताने लगेच विचारलं,

"देवळात? चलान?"

दीड वर्ष पलंगावरून न उठलेली बाई चालत देवळात! शुभदा नुसती फोनकडे बघत राहिली. मी काय विचार केला, देवालाच ठाऊक. पुढे झाले, फोन हातात घेतला, दोनदा खोकले आणि आवाज बारीक करून म्हटलं,

"जेवलंस?"

मी मालवणी कधी बोलले नाही. पण आठ वर्षं रोज दुपारी त्या म्हातारीच्या उशाशी बसले होते. भिशीच्या बायकांना तिची नक्कलही करून दाखवायचे, हसवायला. ती नक्कल अशी कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

मग, "जेवलंय."

"काय जेवलंस?"

"सुरमय."

"बरा. ठेव आता."

फोन ठेवला आणि मी तिथेच आयेच्या रिकाम्या पलंगावर बसले. शुभदाने मला पाणी दिलं.

तेव्हापासून दर रविवारी. पावणेअकराला शुभदा माझं दार वाजवायची, मी हात पुसत जायचे. चार वाक्यं. पाच महिने!

हे म्हणाले, "मेलेल्या माणसाच्या तोंडानं बोलतीस. पाप लागंल."

मी म्हटलं, "लागू दे. जित्या माणसाला तरी धक्का लागू नये."

पण पुढच्या रविवारी अकराच्या सुमाराला बघते तर हे देवासमोर उदबत्ती लावून बसलेले.

* * *

एका रविवारी दत्ताने ठरलेलं सोडून भलतंच विचारलं.

मी "ठेव आता" म्हणणार, तोच म्हणाला, "आये, वायच थांब."

मी थांबले.

"तू माझ्यार रागावलंस? मी हय रवलंय म्हणून?"

तो मागे राहिला म्हणून रागावलीस का, असं विचारत होता. आणि मला तर ठाऊक होतं! म्हातारी रागावून गेली होती. तोंड दाखवू नको म्हणून गेली होती. हे फक्त मला ठाऊक होतं, शुभदालाही नाही.

मी कोण हो माफ करणारी? सातारकडची एक बाई, नववी पास, हाताला पिठाचा वास.

"नाय रे, बाबा," मी म्हटलं. "बरा केलंस."

तिकडे समुद्राचा की वाऱ्याचा, कसलातरी आवाज येत राहिला. त्याने ठेवला नाही, मीही ठेवला नाही. शेवटी शुभदाने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

* * *

पावसाळ्याच्या तोंडाला खटला मिटला. जहाज भंगारात गेलं. दत्ता सुटला.

रिक्षातून उतरला तेव्हा वॉचमनने ओळखलं नाही, नाव-फ्लॅट नंबर विचारला. दाढी पांढरी, शर्टात आणखी एक माणूस मावेल असा. सगळी बिल्डिंग जिन्यात उभी. गोडबोले साहेबांनी हार आणला होता, पण तो पाठीमागेच धरून उभे राहिले. त्यांना कळेना, या माणसाला आज हार घालायचा की नाही.

शुभदाने त्याला आत नेलं आणि दार लावलं. मी शपथेवर सांगते, त्या दिवशी मी कान लावला नाही. माझंही दार लावून घेतलं. या घरात आल्यापासून दिवसाढवळ्या पहिल्यांदा.

तासाभराने तो बाहेर आला, खाली गेला, कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये डोकं भादरून आला. दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ आला, भटजी आले, जे राहिलं होतं ते सगळं झालं. दत्ता सांगतील तसं करत होता. रडला नाही. कोणाला काही विचारलं नाही. केव्हा गेली, कशी गेली, मला का सांगितलं नाही, काहीच नाही.

मी मात्र त्याच्यासमोर जायला घाबरायचे. भाजीला जाताना आधी डोकावून बघायचे, जिन्यात तो नाही ना. एकदा गाठ पडलीच. मला वाटलं, आता बोलेल. आता विचारेल, कोणी सांगितलं होतं तुम्हाला हे नाटक करायला?

"काय वैनी," एवढंच म्हणाला आणि भिंतीला चिकटून मला वाट दिली.

मग रविवार आला.

मी कणीक मळत होते. दार वाजलं. बघते तर शुभदा. दोन्ही हातांत फोन, वाजत असलेला.

"कोणाचा आहे?"

"ह्यांचा."

"घरात नाही का तो?"

"खाली गेलेत. म्हणाले, जरा बसून येतो."

मी गॅलरीत गेले. खाली पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर दत्ता बसला होता, आमच्याकडे पाठ करून. भादरलेलं डोकं उन्हात चमकत होतं. फोन कानाला.

आत भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले होते.

"वैनी," शुभदा म्हणाली, "मी नाही उचलू शकत."

मी हाताचं पीठ पदराला पुसलं आणि उचलला. खोकायचं विसरले.

"जेवलंस?"

"जेवलंय."

"काय जेवलंस?"

टाकीवर एक कावळा येऊन बसला, उडून गेला.

"पेज," दत्ता म्हणाला. "दोन वर्सां नुसती पेज, आये."

"मग वर ये," मी म्हटलं. "ताट वाढतंय."